प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोनच्या आत काय असतं, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

हेडफोनच्या जाहिरातींत हल्ली एक शब्द वरचेवर दिसायला लागलाय, 'प्लॅनर'. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तो फक्त महागड्या हेडफोनच्या नादी लागलेल्या मंडळींच्या तोंडी असायचा. आता तो गेमिंग हेडसेटच्या खोक्यावर असतो आणि कानात घालायच्या छोट्या इअरफोनवरही असतो. सोबत एक-दोन वाक्यं ठरलेली असतात. पडदा केसापेक्षा पातळ, आवाज स्टुडिओसारखा, वगैरे. मग साहजिकच मला विचारलं जातं, "नेहमीच्या हेडफोनपेक्षा दुप्पट पैसे टाकून प्लॅनर घ्यावा का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. 'प्लॅनर' हा आवाजाचा दर्जा नाही, ती पडदा हलवण्याची एक पद्धत आहे. त्या पद्धतीचे काही फायदे अगदी खरे आहेत, मोजता येतात. पण त्यातल्या प्रत्येक फायद्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. कधी वजनात, कधी लागणाऱ्या विजेत, कधी आवाजाच्या वाटेत येणाऱ्या अडथळ्यांत. हा हिशोब समजला की खोक्यावर काय लिहिलंय त्याला भुलायचं कारण उरत नाही. तर चला, हेडफोन उघडून बघू.

आधी नेहमीचा हेडफोन

आपल्या घरातल्या बहुतेक हेडफोनमध्ये 'डायनॅमिक ड्रायव्हर' असतो. ड्रायव्हर म्हणजे विजेचा आवाज करणारा भाग. कॉम्प्युटरमध्ये आपण जो ड्रायव्हर इन्स्टॉल करतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. ही पद्धत जुनी आहे. बर्लिनच्या बायर कंपनीने १९३७ साली डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन आणला आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

यात तीन मुख्य भाग असतात. एक पक्कं बसवलेलं चुंबक, बारीक तारेचं एक वेटोळं म्हणजे व्हॉइस कॉइल, आणि त्या कॉइलला चिकटवलेला पडदा म्हणजे डायफ्रॅम. फोनमधून आलेली वीज कॉइलमधून वाहते. गाण्याप्रमाणे तिची दिशा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होते. चुंबकाच्या क्षेत्रात असल्यामुळे कॉइल पुढे-मागे ढकलली जाते, तिच्यासोबत पडदा हलतो, पडदा हवा हलवतो आणि तो आपल्याला ऐकू येतो.

पद्धत स्वस्त आहे, टिकाऊ आहे, कमी विजेवर चालते. पण एक अडचण तिच्या रचनेतच आहे. जोर लागतो तो फक्त कॉइल जिथे चिकटवली आहे त्या गोल रेघेवर. बाकीच्या पडद्याला तिच्यामागे ओढलं जावं लागतं.

मांडवाचं कापड डोळ्यांसमोर आणा. मधल्या एका खांबाने ते वर ढकललं तर खांबाजवळचा भाग लगेच वर जातो, बाकीचं कापड मागे रेंगाळतं, लोंबतं, फडफडतं. हळू ढकललं तर फारसं बिघडत नाही. भराभर वरखाली केलं की मधला भाग वर जात असताना कडा खाली येत असतात. डायनॅमिक पडद्याचंही उंच स्वरांना असंच होतं. सेकंदाला हजारो कंपनं होताना पडद्याचा प्रत्येक भाग एकाच तालात हलेल याची खात्री राहत नाही. याला 'ब्रेकअप' म्हणतात. तो आटोक्यात ठेवायला पडद्याला घुमटाचा आकार देतात, त्यावर नक्षीसारख्या घड्या पाडतात, कडक पण हलका पदार्थ वापरतात. चांगल्या डायनॅमिक हेडफोनमधली बरीचशी कारागिरी याच कामाला लागलेली असते.

प्लॅनरमध्ये कॉइल जाते कुठे?

आता तेच कापड वीस माणसांनी जागोजागी धरून एकदम उचललं तर? सगळं कापड सपाटच्या सपाट वर जाईल. प्लॅनरची कल्पना नेमकी एवढीच आहे.

यात वेगळी कॉइल नसतेच. काही मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची पातळ फिल्म घेतात आणि ती एका चौकटीत ताणून बसवतात. फिल्मवर ॲल्युमिनियमसारख्या धातूचा बारीक पट्टा छापल्यासारखा चिकटवलेला असतो. तो सापाच्या चालीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सगळ्या फिल्मवर फिरतो. हाच पट्टा कॉइलचं काम करतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे 'केसापेक्षा पातळ' हा दावा खोटा नाही. पण तो जवळजवळ प्रत्येक प्लॅनरला लागू होतो, त्यामुळे त्यात कौतुकाचं फारसं काही नाही.

या फिल्मच्या समोर, काही हेडफोनमध्ये दोन्ही बाजूंना, चुंबकाच्या लांब पट्ट्यांची रांग असते. खिडकीच्या गजांसारखी. मधल्या फटींतून आवाज बाहेर येतो.

इथे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची दिशा, मधलं बोट विद्युतधारेची दिशा, अंगठा बलाची दिशा. परीक्षेत आपण तो मोटारीसाठी लिहिला होता, पण प्लॅनर हेडफोन त्याच नियमावर चालतो.

चुंबकाचे गज असे लावतात की फिल्मकडे तोंड करून एकाचा उत्तर ध्रुव येतो, शेजारच्याचा दक्षिण, मग पुन्हा उत्तर. त्यामुळे दोन गजांमधल्या फटीसमोर चुंबकीय क्षेत्र फिल्मला समांतर, आडवं जातं. धातूचा पट्टा त्या फटीच्या लांबीच्या दिशेने धावतो. क्षेत्र आडवं, वीज उभी, म्हणजे बल थेट फिल्मच्या बाहेर किंवा आत. अगदी हवं तसं.

यात एक गंमत आहे. शेजारच्या फटीत क्षेत्राची दिशा उलटी असते. मग तिथलं बल उलटं लागून फिल्म पिळली जाणार नाही का? नाही, कारण पट्टा सापासारखा वळून परत येतो, त्यामुळे शेजारच्या फटीत विजेची दिशाही उलटी असते. दोन्ही उलटे झाले की बल पुन्हा त्याच बाजूला. पट्टा नागमोडी असतो तो दिसायला बरा म्हणून नव्हे, याच्यासाठी.

गणितात मांडायचं तर बल = चुंबकीय क्षेत्र × विद्युतधारा × पट्ट्याची लांबी. पट्टा लांब करता येतो, क्षेत्र वाढवता येतं, पण दोन्हीची काही ना काही किंमत असते. तिकडे पुढे येऊच.

चुंबक एका बाजूला की दोन्ही?

प्लॅनरचे स्पेसिफिकेशन वाचताना 'सिंगल साइडेड' आणि 'डबल साइडेड' असे शब्द भेटतात. त्यांचा अर्थ सरळ आहे.

चुंबकं एकाच बाजूला असली तर फिल्म त्यांच्याजवळ येते तेव्हा क्षेत्र जास्त मिळतं, दूर जाते तेव्हा कमी. म्हणजे एकाच जोराच्या विजेला आत येताना एक प्रतिसाद, बाहेर जाताना दुसरा. हीच विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन. दोन्ही बाजूंना चुंबकं ठेवली, आणि समोरासमोर सारखेच ध्रुव आणले, तर फिल्म एका चुंबकापासून जेवढी दूर जाते तेवढी दुसऱ्याच्या जवळ जाते. तोल सांभाळला जातो. पण मग वजन जवळपास दुप्पट होतं आणि कान व फिल्म यांच्यामध्ये गजांची एक रांग येते.

म्हणजे डबल साइडेड आपोआप श्रेष्ठ असं नाही. फिल्मची हालचाल कमी ठेवून सिंगल साइडेड रचनेतही चांगलं काम करता येतं. अमेरिकेतल्या ऑडिझी कंपनीच्या 'फ्लक्सर' नावाच्या रचनेत चुंबकं एकाच बाजूला असतात, पण ती अशा तिरक्या दिशेने चुंबकित केलेली असतात की बरंचसं क्षेत्र फिल्मच्या बाजूलाच एकवटतं. वजन कमी ठेवून जोर टिकवायचा हा मार्ग.

कल्पना जुनी, चुंबक नवं

प्लॅनर ही काही गेल्या पाच-सात वर्षांतली गोष्ट नाही. अमेरिकेत जिम वायनी यांनी १९६९ साली मॅग्नेपॅन कंपनी काढली आणि माणसाच्या उंचीचे, पडद्यासारखे सपाट स्पीकर बनवले. तत्त्व हेच. १९७० च्या दशकात इंग्लंडच्या व्हार्फडेलने 'आयसोडायनॅमिक' नावाने हेडफोन काढला. १९७६ साली जपानच्या यामाहाने एचपी-१ आणला. त्याचं बाह्यरूप मारिओ बेलिनी या इटालियन डिझायनरने केलं होतं आणि तंत्राला यामाहाने नाव दिलं 'ऑर्थोडायनॅमिक'. फॉस्टेक्सने तेच तंत्र 'रेग्युलर फेज' या नावाने चालू ठेवलं. म्हणून त्यांच्या टी५०आरपी या प्रसिद्ध मॉडेलच्या नावात 'आरपी' आहे. जुन्या हेडफोनवर यातलं कुठलंही नाव दिसलं तर समजा, आत प्लॅनरच आहे.

मग मधली बरीच वर्षं हे तंत्र मागे का पडलं? मुख्य अडचण चुंबकाची होती. त्या काळची फेराइट चुंबकं आकाराच्या मानाने दुबळी. त्यांतून पुरेसा जोर काढायचा तर ती मोठी हवीत, आणि मोठी चुंबकं डोक्यावर कोण वागवणार? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निओडिमियम चुंबकाचा शोध लागला. थोड्या वजनात भरपूर जोर. पुढे ती स्वस्त होत गेली आणि २००८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ऑडिझी आणि हायफायमॅन या नव्या कंपन्यांनी प्लॅनर पुन्हा बाजारात आणला. २०२१ पासून कानात घालायच्या प्लॅनर इअरफोनची लाट आली. सेव्हन हर्ट्झ टाइमलेस हे त्यातलं गाजलेलं नाव, १४.२ मिलीमीटरचा ड्रायव्हर. २०२३ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन विभागाने ऑडिझी विकतच घेतली आणि पल्स एलिट, पल्स एक्सप्लोर या प्लेस्टेशनच्या हेडसेटमध्ये प्लॅनर आला. तो सर्वसामान्यांच्या बाजारात पोचला तो असा.

फायदा ऐकू कुठे येतो?

मी कुठलाही हेडफोन तपासताना एखादा अभंग लावतो, ज्यात पखवाज आणि टाळ एकाच वेळी जोरात आहेत. कारण साधं आहे. पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा अगदी खालचा, टाळाची किणकिण अगदी वरची, आणि हेडफोनमध्ये हे दोन्ही आवाज एकाच पडद्याला काढायचे असतात. पखवाजाच्या थापेने पडदा लांबवर झुलत असताना त्याला त्याच क्षणी टाळाची बारीक थरथरही दाखवायची असते. झुलताना बलाचं गणित बदललं तर टाळाचा आवाज थापेबरोबर गढूळ होतो. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात.

इथे चांगल्या प्लॅनरची बाजू भक्कम असते. पडदा मोठा, त्यामुळे तेवढीच हवा हलवायला त्याला कमी अंतर झुलावं लागतं. बल सगळीकडे पसरलेलं, त्यामुळे वेडंवाकडं वाकणं कमी. परिणामी खालच्या स्वरांत डिस्टॉर्शन कमी मिळतं. कानाभोवतीच्या मोठ्या प्लॅनरमध्ये बास अगदी खालपर्यंत, २०-३० हर्ट्झपर्यंत, फारसा न ढळता जाताना दिसतो. उघड्या पाठीच्या डायनॅमिक हेडफोनमध्ये तिथे बहुधा उतार लागतो.

दुसरा फायदा विजेच्या बाजूचा आहे. डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण विरोध, प्रत्येक स्वराला सारखा नसतो. ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६५० घ्या. १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पिडन्स चढून ५०० ओहमच्या जवळ जातो. असा हेडफोन १०० ओहम आउटपुट इम्पिडन्सच्या एखाद्या जुन्या ॲम्प्लिफायरला लावला, तर बास साधारण १ डेसिबलने फुगतो. म्हणजे ॲम्प बदलला की हेडफोनचा सूर बदलतो. प्लॅनरचा पट्टा बव्हंशी साधा रोधक असतो. ३२ ओहम म्हणजे खालपासून वरपर्यंत जवळजवळ ३२ ओहमच. कुठल्याही ॲम्पला लावा, आवाज कमीजास्त होईल, पण सुरांचा तोल तोच राहील.

आणि किंमत कुठे चुकवायची?

पहिली किंमत वजनाची. चुंबकांच्या रांगा म्हणजे शेवटी धातूच. ऑडिझीचा एलसीडी-२ सहाशे ग्रॅमच्या घरात आहे. हायफायमॅनचा एचई४००एसई ३९० ग्रॅम. त्यांच्यासमोर सोनीचा प्रवासात वापरायचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ फक्त २५० ग्रॅम. दुकानात पाच मिनिटं घातल्यावर फरक जाणवत नाही, दोन तासांनी मानेला जाणवतो.

दुसरी किंमत संवेदनशीलतेची, म्हणजे ठरावीक विजेत किती आवाज निघतो त्याची. डायनॅमिकमध्ये कॉइल लोखंडाच्या अगदी अरुंद फटीत बसते, सगळं क्षेत्र तिथे दाटून येतं. प्लॅनरमध्ये फिल्मला पुढे-मागे झुलायला मोकळी जागा ठेवावी लागते, त्यामुळे चुंबक दूर राहतं आणि क्षेत्र विरळ होतं. तोच आवाज काढायला मग वीज जास्त लागते.

तिसरी किंमत अडथळ्याची. आवाजाच्या वाटेत चुंबकाचे गज आहेत. उंच स्वरांच्या लहरी लांबीने छोट्या असतात, १० किलोहर्ट्झची लहर साधारण साडेतीन सेंटिमीटर. गज, फटी आणि कान यांच्यामध्ये त्या आपटतात, वळतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. म्हणूनच प्लॅनरच्या आलेखात वरच्या टोकाला खाचा आणि टोकं दिसतात. हायफायमॅनने चुंबकांच्या कडा गोलसर केल्या आणि त्याला 'स्टेल्थ' नाव दिलं. ऑडिझीने गजांवर आवाजाला वाट करून देणारे भाग बसवले, ते 'फेझर'. नावं भारदस्त आहेत, पण दुखणं एकच आहे.

चौथी किंमत ताणाची. ताणलेली फिल्म म्हणजे एका अर्थी तबल्याची पुडीच. थाप मारली की ती तिच्या ठरावीक कंपनांत वाजते. तबल्यात तेच हवं असतं. शाईमुळे ती कंपनं सुरेल गुणोत्तरांत कशी येतात यावर तर सी. व्ही. रामन यांनी संशोधन केलं होतं. हेडफोनच्या पडद्याने मात्र स्वतःचा सूर मुळीच लावायचा नसतो. त्यामुळे ताण सगळीकडे सारखा ठेवणं, दोन्ही कानांच्या फिल्म एकमेकींशी जुळवणं आणि मागे योग्य कापड किंवा फेल्ट लावून ते वाजणं शोषून घेणं, ही सगळी नाजूक कामं आहेत. स्वस्त प्लॅनर इथेच घसरतात. फिल्म तीच, चुंबक तेच, पण डावा-उजवा जुळत नाही.

माझ्या फोनवर चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, साधा हिशोब आहे.

समजा तुमचा टाइप-सी डोंगल १ व्होल्ट देतो. एचई४००एसईचा इम्पिडन्स ३२ ओहम आणि संवेदनशीलता १ मिलीवॉटला ९१ डेसिबल. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे शक्ती. १ भागिले ३२, म्हणजे ३१ मिलीवॉट. शक्ती दहापट झाली की आवाज १० डेसिबलने वाढतो, दुप्पट झाली की ३ ने. ३१ पट म्हणजे साधारण १५ डेसिबल. ९१ आणि १५, झाले १०६ डेसिबल. आपण आरामात ऐकतो तेव्हा सरासरी आवाज ७० ते ७५ डेसिबल असतो आणि संगीतातले उसळी मारणारे क्षण त्याच्या १५-२० डेसिबल वर जातात. म्हणजे इथे पुरेशी मोकळीक आहे. यासाठी वेगळा मोठा ॲम्प घ्यायची गरज नाही.

आता हायफायमॅनचाच जुना एचई-६ घ्या. ५० ओहम, १ मिलीवॉटला ८३.५ डेसिबल. त्याच डोंगलवर मिळतात २० मिलीवॉट, म्हणजे साडेशहाण्णव डेसिबल. आवाज येईल, पण कमी पातळीवर रेकॉर्ड केलेली मैफल लावली किंवा इक्वलायझरसाठी आवाज थोडा खाली घेतला, की डोंगल तोकडा पडतो. याच्याकडून ११० डेसिबलचे क्षण हवे असतील तर जवळपास ४५० मिलीवॉट आणि पावणेपाच व्होल्ट लागतील. तिथे चांगला ॲम्प घ्यावाच लागतो.

यातून धडा काय? 'प्लॅनरला ॲम्प लागतोच' हेही खरं नाही आणि 'आता लागत नाही' हेही नाही. नुसता ओहमचा आकडा बघून तर काहीच कळत नाही. ५० ओहमचा हेडफोन ३०० ओहमवाल्यापेक्षा चालवायला जड असू शकतो. संवेदनशीलता आणि ओहम दोन्ही बघा, वरचा हिशोब कागदावर दोन मिनिटांत होतो.

'पातळ पडदा म्हणजे वेगवान आवाज' हे कितपत खरं?

जाहिरातीतलं सगळ्यात लाडकं वाक्य हेच. फिल्म जितकी पातळ, तितकी हलकी, तितकी चपळ. ऐकायला पटतं, पण एक ढोबळ हिशोब करून बघू.

८० मिलीमीटर व्यासाची, १० मायक्रॉन जाड प्लास्टिकची फिल्म धरली तर तिचं वजन भरतं सुमारे ०.०७ ग्रॅम. धातूचा पट्टा धरून फार तर त्याच्या दुप्पट. पण फिल्म एकटी हलत नाही, तिला चिकटून असलेली हवाही तिच्यासोबत पुढे-मागे होते. एवढ्या आकाराच्या मोकळ्या पडद्याला ही हवा एका बाजूलाच ०.२ ग्रॅमच्या आसपास पडते, दोन्ही बाजू धरल्या तर ०.४. म्हणजे हवाच फिल्मपेक्षा जड! हेडफोनच्या कपात हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण मुद्दा बदलत नाही. फिल्म १० वरून ५ मायक्रॉन केली तरी एकूण हलणारं वजन निम्मं होत नाही, जरासंच घटतं.

आणि 'वेग' म्हणजे तरी काय? पडदा १५-२० किलोहर्ट्झपर्यंत नीट वाजत असेल तर तो तेवढा वेगवान आहेच. आपल्याला जी चपळाई जाणवते ती बहुतेक वेळा सुरांच्या तोलातून येते. बास नेटका आणि वरचे स्वर जरा उजळ असतील, डिस्टॉर्शन कमी असेल, तर तबल्याचा 'ना' टोकदार वाटतो. हे उत्तम डायनॅमिक हेडफोनलाही जमतं आणि फसलेल्या प्लॅनरला जमत नाही.

घेताना काय बघाल?

पहिलं, वापर कुठे होणार? मोठे प्लॅनर बहुतेक उघड्या पाठीचे असतात. बाहेरचा आवाज आत येतो आणि तुमचं गाणं शेजाऱ्याला ऐकू जातं. लोकलमध्ये किंवा ऑफिसात ते निरुपयोगी आहेत. घरी शांतपणे ऐकायचं असेल तरच घ्या. प्रवासासाठी प्लॅनर हवाच असेल तर कानात घालायचे इअरफोन बघा. पण त्यांचा पडदा छोटा असतो, त्यामुळे मोठ्या पडद्याचा फायदा तिथे पुरा मिळत नाही.

दुसरं, चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. बास टिकायला कुशन कानाभोवती नीट बसावं लागतं. काडीमुळे फट राहिली तर खालचे स्वर गळतात.

तिसरं, संवेदनशीलतेचा आकडा बघा आणि वरचा हिशोब करा. ॲम्प लागणार असेल तर त्याची किंमत आधीच बजेटमध्ये धरा.

चौथं, दोन्ही कानांचा तोल तपासा. एकच माणूस गात असलेलं साधं रेकॉर्डिंग मोनो करून लावा. आवाज बरोबर कपाळाच्या मध्यावर यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर परत करायच्या मुदतीतच परत करा.

पाचवं, वापरताना कप कानावर जोरात दाबू नका. अडकलेल्या हवेचा दाब थेट फिल्मवर येतो आणि तिला चुणी पडू शकते. लोखंडाचा कीस असलेल्या टेबलावर तो ठेवू नका, चुंबक तो ओढून घेतं. घरात कोणाला पेसमेकर असेल तर हे हेडफोन त्यांच्या छातीजवळ नेऊ नका.

बजेट कमी असेल तर मी सरळ सांगेन, स्वस्तातल्या प्लॅनरपेक्षा त्याच किमतीचा नावाजलेला डायनॅमिक घ्या. बजेट मध्यम असेल, घरीच ऐकायचं असेल आणि तुमच्या आवडीच्या संगीतात तबला, पखवाज, ऑर्गन, मोठा वाद्यवृंद असं खालचं वजनदार काही असेल, तर प्लॅनर ऐकून बघायलाच हवा.

शेवटी कानांबद्दल

प्लॅनरचा एक फायदा कानांवर उलटू शकतो, आणि तो कोणी खोक्यावर लिहीत नाही. साधा हेडफोन फार मोठा केला की आवाज फाटायला लागतो आणि आपण आपोआप कमी करतो. ते फाटणं ही एक प्रकारे धोक्याची घंटा असते. कमी डिस्टॉर्शनच्या हेडफोनमध्ये ती घंटा उशिरा वाजते. आवाज स्वच्छच राहतो, म्हणून बोट आणखी वर जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्यातले जेमतेम ४ तास उरतात. वर आपण जो हिशोब केला तो 'किती मोठा वाजू शकतो' याचा होता, 'किती मोठा लावावा' याचा नाही.

तेव्हा नवा हेडफोन आणलात की पहिल्या दिवशी एक काम करा. शांत खोलीत बसा, आवडतं गाणं लावा, आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा आणि सगळं स्पष्ट ऐकू आलं की तिथेच थांबा. ती जागा लक्षात ठेवा. पडदा प्लॅनर असो की डायनॅमिक, तो बिघडला तर दुसरा मिळतो. कानातला पडदा आणि त्याच्या पलीकडच्या नाजूक पेशी दुकानात मिळत नाहीत.